बुडखेवाले आबा

आबांच्या घरात कांदा चिरतात काकू, पण तो बुडाशी कुठं कापायचा हे आबा ठरवतात. मुळांच्या वर बोटभर जाड चकती राहिलीच पाहिजे. काकूंनी सवयीनं पातळ काप मारला, की दारात पहारा देणारे आबा "अगं अगं, जीव घेतलास!" म्हणून ओरडतात. नवख्या पाहुण्याला वाटतं, काकूंचं बोट कापलं. तो धावत आत जातो आणि आबा त्याच्या हातात ओला बुडखा ठेवून म्हणतात, "बघा, थोडक्यात वाचला."

साताऱ्याला पेन्शनरांचं गाव म्हणतात ते खोटं नाही. इथला निवृत्त माणूस पहाटे अजिंक्यतारा चढून उतरतो, पोवई नाक्यावर चहा घेतो, पेपरातल्या निधनवार्ता वाचतो, आणि साडेनऊला त्याचा दिवस संपलेला असतो. उरलेल्या वेळेवर प्रत्येकानं आपापला तोडगा काढलाय. कुणी ज्ञानेश्वरी धरली, कुणी सोसायटीचं सेक्रेटरीपद. आबांनी बुडखे धरले. उभी हयात सरकारी लेखा खात्यात गेली. मार्चअखेरची शिल्लक पै न पै पुढच्या पानावर ओढायची, हे हाताला लागलेलं वळण. खातेवही सुटली तसे ते भाजीची शिल्लक पुढं ओढू लागले.

आबांच्या गॅलरीत पाय ठेवायला जागा नाही. कान तुटलेले कप, भडंगाच्या बरण्या, कंदी पेढ्यांचे खोके, औषधाच्या बाटल्यांची टोपणं, आणि प्रत्येकात काहीतरी पुन्हा जन्म घेतंय. आबांचं पंचपात्रदेखील पुदिन्यानं बळकावलंय. संध्येला आबा फुलपात्र घेऊन बसतात. या सगळ्याचं एक लांबलचक रजिस्टर आहे. तारीख, जमा, खर्च, शेरा. शेऱ्याची भाषा अर्थातच कचेरीतली. 'लसूण, पाकळ्या चार, पात समाधानकारक.' 'कोथिंबीर, मुळासकट जुडी, तिसऱ्या दिवशी मयत.' 'गाजर, शेंडा एक, पाला जोमदार, गाजर निरंक.'

गाजराची ही नोंद दोन वर्षं चालू आहे. शेंडा वाटीत ठेवला की आठवड्यात वर हिरवी झालर येते आणि आबांची खात्री पटते की खाली माल धरतोय. मग ते रोज तो शेंडा हळूच उचलून बुडाशी बघतात. वास्तविक कांद्याची ती चकती म्हणजेच खोड आणि आपण खातो ते पापुद्रे म्हणजे पानं, म्हणून चकती जिवंत असली की पात फुटतेच, हे मला आबांनीच जिन्यात अडवून, हातातली दुधाची पिशवी फुटायची वेळ येईपर्यंत समजावलेलं आहे. गाजराचं मूळ मात्र एकदा कापलं की संपलं. वर पाला येईल, फार तर तुरा येईल, बी धरेल, पण खालचा तुकडा पुन्हा भरून येणार नाही. हेही आबांना माहीत आहे. तरी ते म्हणतात, "नियमाला अपवाद असतो." सरकारी नोकरीत हे वाक्य त्यांनी कधी कुणाला ऐकवलं नसेल.

घरचे बुडखे पुरेनात तेव्हा आबा बाहेर पडले. लग्नकार्यात मंडळी आहेराच्या रांगेत असतात, आबा मांडवामागं आचाऱ्याजवळ. पाचशे पानांच्या स्वयंपाकात किती कोथिंबिरीची मुळं, किती मुळ्यांचे शेंडे निघत असतील याचा हिशेब घालून ते रिकामी पिशवी घेऊनच जातात. एका लग्नात केटररची पोरं त्यांना अन्न व औषध प्रशासनाचा माणूस समजली आणि त्यांच्यासाठी स्पेशल बासुंदी आली. आबांनी बासुंदी नाकारली नाही. जाताना अळूचे कंद मागून घेतले.

एवढं करून पदरात काय पडतं? पोह्यावर भुरभुरायला पात, चटणीत घालायला पुदिना. भाजी आजही मंडईतूनच येते. हे काकू दर रविवारी सांगतात आणि आबा दर रविवारी रजिस्टर उघडतात.

पहिलं मोठं संकट पावसाळ्यात आलं. डेंग्यूच्या डासांच्या अळ्या शोधत आशाताई घरोघर फिरत होत्या. त्यांनी गॅलरीत बॅटरी मारली आणि तशाच थबकल्या.

"आबा, ह्यातलं पाणी कधी बदललं?"

"सारखं बदललं की मुळं दचकतात."

"आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो आबा. तुमची पात तरी होती का तेवढ्यात?"

सगळी भांडी मोरीत रिकामी झाली. काकू आशाताईंना चहा पाजून, वर ओटी भरून, "येत जा हं अधूनमधून" म्हणाल्या. त्या तारखेखाली आबांनी शेरा मारला: 'शासकीय कारवाईत नुकसान. भरपाई अप्राप्त.' तेव्हापासून पाणी बंद, माती सुरू.

दुसरा धक्का सांगलीचा. भाऊबीजेला आबा एसटीनं बहिणीकडं जातात. तिचं सासर कसबे डिग्रजच्या अंगाला. त्या वर्षी मांडीवर बटाट्याचं रोप होतं. कंडक्टरनं एकदा रोपाकडं, एकदा आबांकडं बघितलं आणि विचारलं, "हाफ तिकीट फाडू का?" कराड, इस्लामपूर, आष्टा, सगळीकडं चढणाऱ्या-उतरणाऱ्यांना रोपाची ओळख करून देत स्वारी पोहोचली. हातपाय धुवायच्या आधीच त्यांनी दाजींना पुढ्यात बसवलं. "दाजी, लोक जे फेकून देतात त्यातनं पीक उभं राहतं. हा नुसता डोळा होता, सालासकट काढलेला."

दाजींची एकरभर हळद, बाकी सगळा ऊस. त्यांनी शांतपणे तंबाखू मळली.

"आवं पावणं, मग आम्ही काय करतोय हितं? ऊस काय बी टाकून येतोय व्हय? दोन डोळ्यांची टिपरी पुरायची. हळदीचा गड्डा पुरला की हळद. तोड झाली की बुडखं जमिनीबरोबर छाटायचं, त्यावर खोडवा घ्यायचा. तुम्ही कपात करताय त्ये आम्ही शिवारात करतोय. बिल येळेवर आलं तर दोन पैसं बी सुटत्यात."

आबा जेवणापर्यंत गप्प होते. बहिणीनं ओवाळताना विचारलं, बरं नाही का? पण हार मानणं त्यांच्या रजिस्टरात बसत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हापासून दाजी पाहुण्याला हळद देतात ती पदवीदान समारंभासारखी. त्यांनी निरोपाला पुरचुंडी पुढं केली, तेव्हा आबा एवढंच म्हणाले, "तुमचं हळदीत चालू द्या. आल्यात आमचा सातारा आहे."

यात तथ्य होतं, कारण साताऱ्याचं आलं महाराष्ट्रभर जातं. इथं आल्याचा भाव किलोवर बोलत नाहीत, गाडीवर बोलतात, आणि गाडी म्हणजे ५०० किलो. २०२३ साली भाव कडाडले तेव्हा चहातलं आलं काकूंनी निम्म्यावर आणलं होतं. ती सल होतीच. अक्षय्यतृतीयेच्या सुमाराला आबांनी मंडईतल्या आल्याचे दोन फुगीर डोळे काढले, रंगाच्या रिकाम्या बादलीत माती-शेणखत भरून पुरले, आणि मग नऊ महिने ते शेतकरी झाले. गॅलरीत उभं राहून आभाळाकडं बघायचे. मंडईत जाऊन "गाडी काय म्हणतीय?" असं विचारायचे. व्यापाऱ्यानं "तुमचा माल किती?" म्हटलं की गंभीर चेहऱ्यानं उत्तर द्यायचे, "अजून काढणी नाही."

काढणीला आख्खा जिना बोलावला होता. बादली वर्तमानपत्रावर उपडी केली. खरंच आलं निघालं, चांगलं पंजाएवढं, रसरशीत, वासानं जिना भरून गेला. टाळ्या पडल्या. किराणावाल्याकडून काटा आणला होता. वजन भरलं पाऊण पाव. आबांनी दाजींना फोन लावला, एकरी उतारा काय बसतो ते तोंडी हिशेबानं सांगितलं, आणि बादल्या किती लागतील तेही.

काकूंनी गॅसवर आधण ठेवलंच होतं. त्यांनी आल्याला हात घालताच आबांनी ते छातीशी धरलं.

"हे बियाणं आहे. बियाणं कुणी चहात घालतं का?"

पाहुणे एकमेकांकडं बघत राहिले. शेवटी काकूंनी शेजारच्या पोराला दहाची नोट देऊन खाली पिटाळलं. त्यानं बोटभर तुकडा आणला. काकूंनी तो खलबत्त्यात टाकला, बत्ता उचलला.

"थांब," आबा म्हणाले, "त्याला एक डोळा आहे."