आफ्रिकेला निघालेले गृहस्थ

आफ्रिकेला एकट्याने निघालेले गृहस्थ ओळखायला सोपे असतात, कारण ते अजून गेलेले नसतात. वय चाळिशीच्या आगेमागे, नोकरी बरी, पासपोर्टवर ऑफिसच्या सहलीतला बँकॉकचा शिक्का. डोंगरात घालायचे बूट हॉल ते स्वयंपाकघर असे चालवून मऊ केलेले, तंबू गच्चीवर एकदा उभारून पुन्हा पिशवीत कोंबलेला. मार्ग मात्र तोंडपाठ. केपटाउनहून वर नामिबिया, सोसुसफ्लेच्या वाळूच्या टेकड्या, एतोशाचं अभयारण्य, कॅप्रिव्हीच्या चिंचोळ्या पट्टीतून बोत्सवाना, तिथे ओकावांगो आणि चोबे, मग झांबेझी ओलांडून व्हिक्टोरिया धबधबा. नातेवाईक त्यांना घाबरट म्हणतात, मित्र बोलघेवडे म्हणतात. दोन्ही आरोप मला अन्यायाचे वाटतात. या माणसाने जगाच्या नकाशावरून हुडकून नेमका असा प्रदेश निवडलेला आहे, की मन लावून अभ्यास करणाऱ्याला निघायची तारीखच सापडू नये. युरोपची सहल कुठलीही टूर कंपनी दहा मिनिटांत ठरवून देते आणि मग जावंच लागतं. तो धोका त्यांनी आधीच ओळखला.

त्यांचा एक्सेलमधला तक्ता पाहिला की हे पटतं. व्हिक्टोरिया धबधबा भरात असतो एप्रिल-मेमध्ये, पण तेव्हा तुषारांचा असा लोट उठतो की समोर उभं राहून धबधबाच दिसत नाही. कड्याच्या टोकावरच्या डेव्हिल्स पूलमध्ये उतरायचं तर पाणी ओसरलेलं हवं, म्हणजे ऑगस्टचा मध्य उलटायला हवा. नोव्हेंबरपर्यंत थांबावं, तर झांबियाच्या बाजूला बराचसा नुसता कातळ. ओकावांगोची तऱ्हा तर सरकारी फायलीसारखी आहे. पाऊस पडतो अंगोलाच्या डोंगरांत आणि पाणी शेकडो किलोमीटर रेंगाळत बोत्सवानात पोचतं ते काही महिन्यांनी, त्यामुळे तिथला पूर ऐन कोरड्या हिवाळ्यात, जून ते ऑगस्टमध्ये येतो. ते साधावं, तर त्याच महिन्यांत केपटाउनला पावसाळा. एतोशात प्राणी पाणवठ्यावर गोळा होतात ते कोरड्या दिवसांत, मकगाडिकगाडीच्या मिठागरांकडे झेब्रांचे कळप येतात ते पावसात. नामाक्वालँडच्या माळावर फुलांचा गालिचा ऑगस्ट-सप्टेंबरात अंथरला जातो, आणि ती फुलंही ऊन पडलं तरच उघडतात. एवढ्या रकान्यांची बेरीज एका रजेच्या अर्जात बसवून दाखवा, असं ते म्हणतात तेव्हा समोरच्याला उत्तर सुचत नाही.

मग भीतीचं काय? भीती त्यांना आहे, पण ती माहितीतून आलेली असल्यामुळे तिला अभ्यास म्हणायला हवं. नामिबियातले बहुतेक रस्ते खडीचे. त्यांवर वेगात ब्रेक दाबला की गाडी कोलांटी खाते, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणून भाड्याच्या गाडीत दोन जादा चाकं हवीत, हेही. पाणघोडा दिसायला सुस्त, पण त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये उभं राहायचं नसतं, हे त्यांनी सोसायटीतल्या लहान मुलांनाही शिकवून ठेवलं आहे. पीतज्वराची लस त्यांनी केव्हाच टोचून घेतली. या लसीच्या दाखल्याला पूर्वी दहा वर्षांची मुदत असे; 2016 पासून तो आजन्म चालतो. निघण्याची घाई करायला लावणारं शेवटचं कारणही अशा रीतीने जागतिक आरोग्य संघटनेने काढून घेतलं. जगही त्यांना साथ देतं. 2021 मध्ये काझुंगुलाला झांबेझीवर पूल सुरू झाला. त्याआधी तिथे गाडी फेरीबोटीवर चढवून नदी ओलांडावी लागे. पूल झाल्याने वेळ वाचतो, म्हणून त्यांनी आधीचा सगळा बेत रद्द करून नवा आखायला घेतला.

खरे प्रवासी एवढा विचार करत नाहीत, उठतात आणि चालू लागतात, असा एक आक्षेप आहे. त्यावर ते कॅप्रिव्हीचा दाखला देतात आणि तो बिनतोड आहे. 1890 मध्ये जर्मनीने इंग्रजांशी करार करून ही सुमारे साडेचारशे किलोमीटर लांब पट्टी पदरात पाडून घेतली. हेतू हा, की झांबेझी गाठावी आणि नदीनदीने हिंदी महासागराकडे जावं. वाटेत शंभर मीटरहून उंच व्हिक्टोरिया धबधबा होता. पट्टीला तेव्हाच्या चान्सलरचं नाव मिळालं, जहाज काही गेलं नाही. अभ्यास कमी पडला, एवढंच गृहस्थ म्हणतात आणि पुन्हा लॅपटॉप उघडतात. पण त्याच धबधब्याची दुसरी गोष्ट त्यांच्या बाजूची नाही. लिव्हिंग्स्टनला एकाकी प्रवासी म्हणून मिरवलं जातं, पण 1855 च्या नोव्हेंबरात त्याला धबधब्यापाशी होडीतून नेलं ते तिथल्याच माहीतगार नावाड्यांनी. 1866 मध्ये तो मुंबईहून शेवटच्या मोहिमेवर निघाला तेव्हा त्याच्याबरोबर नाशिकच्या मिशन शाळेत वाढलेले, गुलामीतून सुटलेले आफ्रिकी तरुण होते. एकट्याचा प्रवास एकट्याने होतच नाही. तक्त्यात सोबत्याचा रकाना कोरा ठेवणाऱ्यांनी यावर थोडा विचार करायला हरकत नव्हती.

याहून अडचणीची गोष्ट तक्त्यातच आहे. तो नीट वाचला तर उत्तर निघतं: सप्टेंबर. धबधब्यात पाणी असतं आणि धबधबा दिसतोही, डेव्हिल्स पूल उघडलेला असतो, ओकावांगोत होड्या चालतात, एतोशाचे पाणवठे गजबजलेले असतात, नामाक्वालँडची उरलीसुरली फुलं सापडतात, केपच्या किनाऱ्याशी देवमासे असतात. झेब्रे तेवढे चुकतात. वाटेतल्या सगळ्या देशांत गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, म्हणजे तीही सबब उरत नाही. अडतं कुठे? तर त्याच सुमारास घरी गणपती असतात. गणपती गेले की पितृपक्ष, त्यात नवं काही सुरू करायचं नाही. पितृपक्ष संपतो तोच घट बसतात. सिंहाच्या मुलखात एकटं तंबू ठोकायला तयार असलेल्या माणसाची आईला ‘यंदा आरतीला मी नाही’ हे सांगायची तयारी नसते, आणि आमच्या मते या दोन धाडसांत दुसरं मोठं आहे.

तेव्हा वाचकांपैकी कोणी खरोखरच निघणार असेल, तर या गृहस्थांना अवश्य भेटावं. गाडी सीमेपार न्यायला भाड्याने देणाऱ्या कंपनीचं पत्र आधी घ्यावं लागतं, इथपासून सगळं ते समजावून सांगतील, तक्ता देतील, आग्रह केलात तर तंबूही देतील. फक्त ‘तुम्हीही चला’ असं म्हणू नका. त्यांना एकट्यानेच जायचं आहे.