स्कूल डिस्ट्रिक्टच्या सीमारेषेस अनावृत पत्र

विषय : मोफत शिक्षणाच्या भाड्याबाबत

अमेरिकेतली सरकारी शाळा फुकट असते. तिच्या हद्दीतले घर तेवढे परवडत नाही. तिथल्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही. त्यामुळे हा कारभार राज्यांकडे आला आणि राज्यांनी तो सुमारे १३,००० स्कूल डिस्ट्रिक्टांच्या, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक हद्दींच्या, गळ्यात घातला. (हवाईत मात्र अख्ख्या राज्याला एकच डिस्ट्रिक्ट पुरते.) खर्चाचा मोठा हिस्सा स्थानिक मालमत्ता करातून येतो. घरे महाग तिथे शाळा श्रीमंत, आणि शाळा चांगली म्हणून घरे आणखी महाग. सॅन अँटोनिओतल्या गरीब वस्तीच्या पालकांनी याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती ५ विरुद्ध ४ मतांनी फेटाळली. सदर सीमारेषेचे हार्दिक अभिनंदन.

प्रवेश राहत्या पत्त्यावरून ठरतो, म्हणूनच पुण्याहून गेलेले कुटुंब आधी शाळा नव्हे, अपार्टमेंटचे लीज शोधते. व्हिसा नाही म्हणून मुलाला शाळा नाकारता येत नाही, हे १९८२ च्या प्लायलर खटल्यात ठरले. पत्त्याचा पुरावा मात्र सहसा चुकत नाही. मामाचा पत्ता देऊन प्रवेश मिळवण्याची आपल्याकडची कला तिथे अंगाशी येते. ओहायोतल्या एका आईने मुलींसाठी त्यांच्या आजोबांचा पत्ता दिला. २०११ मध्ये तिला तुरुंगात जावे लागले.

रेषेच्या आत पाऊल पडले की कागदपत्रे. लसींच्या कार्डावरची ५/८ ही तारीख तिथे ८ मे ठरते. लहानपणच्या बीसीजीमुळे टीबीची त्वचाचाचणी कधी पॉझिटिव्ह येते, मग रक्ततपासणी नाहीतर छातीचा एक्स-रे. घरी बोलली जाणारी भाषा विचारणाऱ्या फॉर्मवर पालक अभिमानाने ‘मराठी’ लिहितात, आणि नर्सरीपासून इंग्रजी माध्यमात वाढलेले, आजीकडेही ‘वॉटर’ मागणारे पोर इंग्रजीच्या चाचणीला बसवले जाते. बऱ्याच राज्यांत १ सप्टेंबरला पाच वर्षे पूर्ण नसली, तर भारतातले सीनियर केजी झालेले असूनही किंडरगार्टनसाठी पुढचे वर्ष उजाडावे लागते.

प्रवेशानंतर पालक-शिक्षक संघटनेचे देणगीचे पत्र येते. सुखवस्तू डिस्ट्रिक्टात या पत्राला प्रतिसादही सुखवस्तूच मिळतो, म्हणजे करात राहिलेला फरक देणगीत भरून निघतो. लीज संपताना भाडे वाढले की कुटुंब एक खोली कमी करते, पण रेषेच्या आतच राहते.

कळावे.

आपले नम्र,
पाचवी ते बारावी एकाच हद्दीत अडकलेले एक कुटुंब