शेपटाकडचं वायफाय

नीरा डाव्या कालव्याचं पाणी बारामती ओलांडून इंदापूरच्या शेपटाला पोचेपर्यंत आटतं, हे गाऱ्हाणं जुनंच. वायफायच्या ‘ॲडव्हान्स्ड सेटिंग’मध्ये शिरलेला प्रत्येक जण मात्र स्वतःच वरच्या अंगाचा बागायतदार होतो. २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये एकमेकांवर न चढणारी चॅनेलं जेमतेम तीन: १, ६ आणि ११. तरी हा गडी रुंदी २० वरून ४० मेगाहर्ट्‌झ करतो आणि शेजाऱ्याचीही वाट अडवतो. पॉवर वाढवली की रेंज वाढते, असं कुणी म्हणेल. वाढते, पण एकतर्फी. राउटरची हाक रस्त्यापलीकडे जाते, खिशातल्या फोनची ओ मात्र अंगणातच विरते. मग काड्या पूर्ण, आणि सातबारा काही केल्या उघडत नाही. ‘रुंदी २० वर ठेवा, पॉवर उतरवा’ म्हणावं, तर त्यात मर्दुमकी कसली?