फ्लॉरेन्सबाईंना एका व्यवस्थापकाचं आभारपत्र

पुणे, 13 मे

ती. फ्लॉरेन्सबाई नाइटिंगेल यांस,
शि. सा. न. वि. वि.

आपल्या हयातीत पुण्याच्या सार्वजनिक सभेशी आपला पत्रव्यवहार होता, म्हणून पुण्याहून लिहायला संकोच वाटत नाही. मी इथल्या 110 खाटांच्या एका खासगी रुग्णालयात मनुष्यबळ विभाग सांभाळतो. काल आपली जयंती. परिचारिका दिन आम्ही थाटात केला. केक कापला, प्रत्येक सिस्टरला एकेक गुलाब दिला, दिवे पेटवून आपल्या नावाची शपथ घेतली. ती शपथ आपण लिहिलेली नाही, 1893 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइटला लिहिली गेली, हे मला ठाऊक आहे. पण तिच्यात निष्ठा आहे, समर्पण आहे आणि पगाराचा उल्लेख नाही. त्यामुळे कोणी लिहिली याच्या खोलात आम्ही जात नाही.

खरे आभार मानायचे ते वेगळ्याच गोष्टीचे. 1853 मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरच्या रुग्णालयाचा कारभार आपण हाती घेतलात, तो बिनपगारी. या एका निर्णयाने आमच्या धंद्यावर किती उपकार केलेत! पगारवाढ मागायला कोणी आलं की आम्ही भिंतीवरच्या आपल्या तसबिरीकडे बोट दाखवतो. त्याच वर्षी आपल्या वडिलांनी आपल्याला सालाचे 500 पौंड बांधून दिले होते, एवढं मात्र सांगत नाही. सांगायचं तर प्रत्येक सिस्टरच्या वडिलांना बोलावून घ्यावं लागेल, आणि त्यातले निम्मे सोयाबीनच्या भावाची वाट बघत बसलेले.

पण काल केक संपल्यावर रात्रपाळीची एक सिस्टर कागद घेऊन केबिनमध्ये आली. म्हणाली, "सर, एवढं गणित तपासून द्या."

पगार 18,000. भविष्य निर्वाह निधीचे 1,800 आणि ईएसआयचे 135 कापून हातात 16,065. कॉट बेसिसवरची खोली 5,000, मेसचा डबा 3,500, नर्सिंगच्या जीएनएम अभ्यासक्रमाच्या फीसाठी काढलेल्या कर्जाचा हप्ता 3,800, गावी आईला 2,500. उरले 1,265. त्यात बस, मोबाइलचा रिचार्ज, पाळीभर उभं राहून झिजलेल्या चपला आणि स्वतःचं आजारपण. मी म्हटलं, "अगं, उरतायत की!" ती हसली नाही.

कागदाच्या मागच्या बाजूला तिचं म्हातारपण होतं. भविष्य निर्वाह निधीच्या पेन्शन योजनेत पगार पुढे कितीही वाढो, हिशेबाला 15,000 हीच मर्यादा. ती 2014 मध्ये ठरली आणि पुढची दहा वर्षं जागची हलली नाही. आम्ही आमच्या बाजूने तिच्या नावाने तेवढेच 1,800 भरतो, त्यातले 1,250 या योजनेत जातात. पस्तीस वर्षं एकही खंड न पडता नोकरी केली, तर या मर्यादेने अठ्ठावन्नाव्या वर्षी महिना सुमारे 7,500 रुपये. मध्ये बाळंतपण, आईचं आजारपण, नोकरी सुटणं असलं काही झालं तर त्याहून कमी. "तेव्हा कॉटचं भाडं किती असेल, सर?" तिने विचारलं. मी सांगितलं की आम्ही निदान कायद्याप्रमाणे भरतो तरी. वीसपेक्षा कमी माणसं असलेल्या आस्थापनेला भविष्य निर्वाह निधीचा कायदा सहसा लागूच होत नाही. माझ्या ओळखीचे एक डॉक्टर हजेरीपटावर कायम एकोणीसच नावं ठेवतात. विसावा माणूस त्यांच्याकडे नेहमी 'शिकायला' आलेला असतो.

मग तिने 2016 काढलं. सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्राने तेव्हा खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या पगारासाठी समिती नेमली होती. आमच्यासारख्या शंभर ते दोनशे खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी पगाराहून फार तर दहा टक्के कमी द्यावेत आणि पन्नासांच्या आतल्यांनीसुद्धा किमान 20,000 द्यावेत, असं त्या समितीचं म्हणणं. राज्य सरकारच्या अधिपरिचारिकेचं मूळ वेतनच 35,400 पासून सुरू होतं. समितीच्या शिफारशींना आम्ही मान देतो. पैसे देत नाही. केरळातल्या सिस्टर आंदोलनं करून सरकारकडून 2018 मध्ये किमान 20,000 ची अधिसूचना काढून घेऊन बसल्या, तो विषय मी पटकन बदलला.

खरी पंचाईत पुढेच झाली. तिने आमचंच एक बिल काढलं. त्यात 'नर्सिंग चार्जेस' दिवसाचे 600. तीन पाळ्यांत भागले तर पाळीला 200. वॉर्डात तिच्याकडे आठ पेशंट, म्हणजे 1,600. महिन्याच्या सव्वीस पाळ्यांचे 41,600. "पेशंट माझ्या नावाने एवढे भरतो, सर. मधले कुठे जातात?" इमारत, वीज, यंत्रं, विमा कंपन्यांची थकलेली बिलं, हे सगळं मी तिला ऐकवलं, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. पण वीज आणि यंत्रं बिलात वेगळी लावलेली असतात, हे तिनेच बोट ठेवून दाखवलं.

बाई, भीती वाटते ती आपलीच. क्रायमियाच्या लढाईत सैनिक जखमांपेक्षा रोगांनी जास्त मेले, हे आपण आकडे मांडून, आकृत्या काढून राणीच्या सरकारला पटवून दिलंत. त्या लढाईवरून परतल्यावर आपण चौपन्न वर्षं जगलात, नव्वदी गाठलीत. तेवढी वर्षं 7,500 मध्ये कशी भागवायची, याची आकृती आपण नक्की काढाल. तेव्हा कृपा करून आपण दिवा हातात घेतलेल्या तसबिरीतच राहावं. लेखणी हातात घेतलेली तसबीर आमच्या भिंतीला परवडणार नाही.

आपला आज्ञाधारक,
व्यवस्थापक (मनुष्यबळ)

ता. क. : सदर सिस्टर सुट्टीच्या दिवशी जर्मन शिकायला जाते, अशी बातमी आहे. बी-टूची परीक्षा पास झाली की ती जाणार. दोन वर्षांच्या बाँडपोटी तिच्या मूळ मार्कशीट आणि नोंदणीचं प्रमाणपत्र आमच्या कपाटात आहे, त्यामुळे तूर्त काळजी नाही. तरी कपाटाची किल्ली मी हल्ली घरी नेतो.