लाइन असेल तर स्वावलंबन

मे संपत आला की तालुक्याच्या गावी मान्सूनपूर्व आढावा बैठक भरते. पाठोपाठ आपल्या मोबाइलवर एक यादी येऊन पडते. टॉर्च, जादा सेल, काडेपेटी, कोरडा खाऊ, प्रथमोपचाराची पेटी, प्लॅस्टिकच्या पिशवीत कागदपत्रं. खाली १०७७, १०८ आणि ११२ हे नंबर. यादीत वावगं काही नाही. फक्त ती तिसऱ्या मजल्यावरच्या ब्लॉकसाठी केल्यासारखी वाटते. रायगड-रत्नागिरीतल्या बाईला ‘कोरडा खाऊ जवळ ठेवा’ सांगणं म्हणजे कोळणीला सुकट ओळखायला शिकवणं.

आगोटीची बेगमी या पट्ट्यात होळीच्या आसपासच सुरू व्हायची. बोंबील, जवळा, सोडे उन्हात खडखडीत वाळवून डब्यांत जायचे, कारण जून-जुलैत मासेमारीला बंदी आणि दर्याही खवळलेला. कडवे वाल, मीठ, चिंच, आमसुलं, वर्षाचा मसाला. पांढऱ्या कांद्याच्या माळा आढ्याला. कौलं चाळून व्हायची, पडवीला झापं बांधली जायची, लाकूडफाटा आणि शेणी कोरड्या जागी रचल्या जायच्या. मिरगाचा पहिला पाऊस पडेपर्यंत घर चार महिने बाहेर न पडता जगायला तयार असे. याला कुणी आपत्ती व्यवस्थापन म्हणत नव्हतं. अर्थात हा विभाग पूर्णपणे बायकांकडे होता आणि बिनपगारी होता, हे जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. वाळवण राखून, शेणी थापून ज्यांच्या कमरेचं वाटोळं झालं, त्यांनी गॅस आल्यावर चूल मोडली असेल तर मी तरी बोल लावणार नाही.

पण चूल मोडली, लाकडाची खोपी पाडून तिथे बाथरूम बांधलं, कौलं उतरवून पत्रे चढवले, आणि चार महिन्यांची तयारी असलेलं घर बघता बघता चार तासांवर आलं.

हे कळलं ३ जून २०२० रोजी. निसर्ग चक्रीवादळ भरदुपारी श्रीवर्धन-मुरूडच्या किनाऱ्यावर आलं. ताशी शंभराच्या वर वाऱ्याने पत्रे पतंगासारखे गेले, नारळ-सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, खांब आणि टॉवर पडले. कित्येक गावांत वीज यायला आठवडे लागले. लोक दोन दिवसांत सावरून कामाला लागले, आणि मग पाणी भरायची वेळ आली. विहिरीला पाणी हाताच्या अंतरावर आणि घरात प्यायला थेंब नाही! पंप बसवला तेव्हा रहाट काढला होता, दोर गुरांना गेला होता, पोहरा भंगारवाल्याने नेला होता. वर नव्या मोटारीला कचरा नको म्हणून विहिरीच्या तोंडावर लोखंडी जाळी वेल्डिंग करून घट्ट बसवलेली. एकाने छिन्नीने जाळीचे दोन गज तोडले, रंगाचा रिकामा डबा दाव्याला बांधला आणि आख्खी आळी त्या डब्यावर दहा दिवस जगली. डब्यावर ‘वेदरप्रूफ’ असं लिहिलेलं होतं.

बरं, तेव्हापासून आपण शहाणे झालो असं समजू. फेब्रुवारी २०२४मध्ये पीएम सूर्यघर योजना आली. तीन किलोवॉटला ७८ हजारांचं अनुदान. गावातल्या एका अण्णांनी लगेच छपरावर पॅनल चढवले आणि ‘आपण आता स्वावलंबी’ म्हणून सांगत सुटले. मागल्या उन्हाळ्यात भरदुपारी त्यांच्याकडे गेलो, तर अण्णा उघडेबंब पडवीत बसून पुठ्ठ्याने वारा घेत होते.

“अण्णा, पंखा का बंद?”

“लाइन गेलीय.”

“मग वर एवढं ऊन पडलंय ते?”

“ते लाइन असेल तरच चालतं रे बाबा.”

अण्णा खरं बोलत होते. बिनबॅटरीचं ऑनग्रिड सौर वीज गेली की आपोआप बंद पडतं. तसंच पडायला हवं, नाहीतर खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या घरची वीज बसेल. वादळात चालायला हवं असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, आणि बॅटरीचा खर्च अनुदानाबाहेर, आपल्या खिशातून. योजना वीजबिल कमी करायला आहे, ते काम ती चोख करते. तिला स्वावलंबन हे टोपणनाव आपणच ठेवलं.

खिशाचीही तीच गत. गावचा वाणी मुलाच्या शिक्षणाइतकाच क्यूआर कोडचा अभिमान बाळगतो. टॉवर पडला की तो कोड म्हणजे भिंतीवरची रांगोळी. उधारीची वही त्याने बंद केली ती केलीच, तेव्हा सुट्ट्या नोटांचं पुडकं तांदळाच्या डब्यात असू द्या.

आणि सरकारी मदतीवर विसंबणाऱ्यांसाठी एक हिशेब. निसर्गनंतर बागायतीला हेक्टरी ५० हजार जाहीर झाले. आकडा भारदस्त आहे. पण किनाऱ्यावरच्या वाड्या गुंठ्यांत मोजतात आणि हेक्टरात शंभर गुंठे असतात. म्हणजे गुंठ्याला पाचशे. नारळ लावल्यापासून फळाला यायला पाच-सात वर्षं, तोवर पाचशे रुपये पुरवून खायचे.

तर यादीत माझी थोडी भर. विहिरीला हाताने पाणी काढायची सोय. मागीलदारी एक चूल आणि पंधरा दिवसांची कोरडी लाकडं, कारण दरड कोसळून घाट बंद झाला की सिलिंडरची गाडी घाटापलीकडेच थांबते. पुराचं पाणी विहिरीत गेलं असेल तर नुसती तुरटी फिरवून समाधान मानू नका. तुरटीने गाळ बसतो, जंतू मरत नाहीत. उकळा, नाहीतर क्लोरीनचे थेंब आणून ठेवा. बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभराच्या. फुरसं चावल्यावरचं प्रतिविष जवळच्या कुठल्या दवाखान्यात असतं, हे आत्ताच विचारून ठेवा, रात्री बॅटरी घेऊन शोधत फिरू नका.

यातल्या पहिल्या कलमाचा पाठपुरावा मी ग्रामसभेत केला. म्हटलं, गावविहिरीला रहाट बसवा. ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, रहाटाला हेड नाही, सुशोभीकरणाला आहे. सरपंचांनी तोडगा काढला. आता विहिरीचं सुशोभीकरण मंजूर झालंय. भोवती पेव्हर ब्लॉक, चारी कोपऱ्यांना दिवे आणि मध्ये पारंपरिक रहाटाची प्रतिकृती. मी विचारलं, ती फिरेल का? भाऊसाहेबांनी अंदाजपत्रक उलटसुलट चाळलं आणि म्हणाले, तशी तरतूद दिसत नाही, पण रात्री लाइटिंगमध्ये फिरल्यासारखी दिसेल.