सेटकरी

गाडीची वॉरंटी संपली की बहुतेकांना पुढचा खर्च दिसतो. काही थोड्यांना मात्र मोकळं वाटतं. "आता बेसिक मेंटेनन्स आपण घरीच करायचा," अशी घोषणा रविवारी पोह्यांच्या बशीवरून होते आणि त्या घरात एक सेटकरी जन्माला येतो. घोषणेत मेंटेनन्सचा उल्लेख असला तरी तो नंतरचा भाग. आधी पाने हवेत. सुटे पाने घेणं हे मेकॅनिकचं लक्षण. सुशिक्षित माणसानं सेट घ्यायचा, आणि तोही अभ्यास करून.

आमच्या सोसायटीतले सेटकरी बँकेतून निवृत्त झालेले, त्यामुळे अभ्यास एक्सेलमध्ये झाला. ब्रँड, धातू, पेटीचा रंग, परत करायची मुदत असे रकाने होते आणि सगळ्यात शेवटी ठळक अक्षरांत 'दर नगी'. सहाशे रुपयांत 46 नग, म्हणजे नगाला तेरा रुपये. टपारियाचा बारा पान्यांचा सेट अठराशेला धरला तर नगाला दीडशे. तोंडानं त्यांनी टपारियाचं भरपूर कौतुक केलं. उत्पादन 1969पासूनचं, सुरुवातीला स्वीडिश कंपनीचं तांत्रिक सहकार्य, कारखाना आपल्या नाशिकला सातपूरमध्ये, हे त्यांना तोंडपाठ होतं. पण शेवटचा रकाना अभिमानाच्या पलीकडचा असतो.

आता 'नग' म्हणजे काय, हे पेटीच्या वेष्टनावर मोठ्या अक्षरांत कुणीच लिहीत नाही. त्या 46 नगांत गोट्या, म्हणजे नटावर बसवायची सॉकेट्स, तेराच असतात, 4 मिलिमीटरपासून 14पर्यंत. एक रॅचेट, एखाददोन एक्स्टेंशन, तीन अ‍ॅलन की, आणि उरलेला सगळा संसार स्क्रूड्रायव्हरच्या बोटाच्या पेराएवढ्या टोकांचा. प्रत्येक टोक एक नग. त्यातली चांदणीच्या आकाराची अर्धा डझन टोकं कुठे लागतात, हे सेटकऱ्यांना विचारलं तर ते म्हणतात, "असलेली बरी."

तरी खरेदीपूर्वी एकदा बोहरी आळीत जाऊन येणं भाग होतं. पुण्यात लोखंडाची वस्तू ऑनलाइन घ्यायची असली तरी भाव बोहरी आळीतच विचारायचा असतो. दुकानदारानं चष्म्यावरून पाहिलं.

"गाडी कुठली?"

"वॅगन-आर. पण मला सर्वसमावेशक सेट हवाय."

दुकानदारानं सर्वसमावेशक शब्द कानाआड केला आणि काउंटरवर वर्तमानपत्र पसरलं. एका बाजूला फिक्स आणि दुसऱ्या बाजूला रिंग असलेले पाने मांडले: 8, 10, 12, 14, 17, 19. एक पक्कड, दोन डिसमिस, एक चपटं आणि एक फुलीचं. "जपानी घराण्यातली गाडी आहे, काका. दहा, बारा, चौदा. ऑइलच्या बोल्टला सतरा बघा, चाकाला एकोणीस. जर्मन असती तर तेरा-सोळा दिले असते. याच्यापुढे गेलात तर गाडी गॅरेजला न्या."

"क्रोम व्हॅनेडियम आहे ना?"

"आहे, आणि पान्यावर कोरलेलंही आहे. पण नुसतं कोरलेलं तर जुन्या बाजारातल्या पान्यावरपण असतं."

"रॅचेटचे दात किती?"

हा प्रश्न ते तयारी करून आले होते. बहात्तर दाती रॅचेट पाच अंश फिरवला तरी पुढचा दात पकडतो, चोवीस दातांच्याला पंधरा अंश लागतात, त्यामुळे अडचणीच्या जागी जास्त दात बरे. हे सगळं खरं आहे. अडचण एवढीच, की ते स्वतः कधी अडचणीच्या जागी हात घालत नव्हते.

दुकानदारानं मांडलेलं सगळं वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतलं तेव्हा सेटकऱ्यांचा चेहरा पडला. "याला डबा नाही?"

"डबा कशाला? जुन्या पायजम्याची पिशवी शिवा."

तिथेच व्यवहार मोडला. सेटकऱ्याला पाने नको असतात, पाने आपापल्या खाचेत झोपलेले हवे असतात. ऑनलाइन लाल पेटी आली, आणि पहिल्याच संध्याकाळी त्यांनी ती कौतुकानं उलटी धरून उघडली. सगळे सेहेचाळीस नग हॉलभर पांगले. 12ची आणि 13ची गोटी नुसत्या डोळ्यांनी ओळखता येत नाही, आणि एक जरी चुकीच्या खाचेत गेली तरी पेटीचं झाकण लागत नाही. रात्री साडेदहापर्यंत दोघं नवराबायको टॉर्च घेऊन सोफ्याखाली होते. वहिनींनी त्या दिवसापासून पेटीला रबरबँड लावला, तो अजून आहे.

मग मेंटेनन्स सुरू झाला. एअर फिल्टर बदलला, त्याला क्लिपा होत्या. एसीचा फिल्टर डॅशबोर्डच्या कप्प्यामागे निघाला, तिथे दोन्ही हातांनी कडा दाबायच्या होत्या. वायपरची पाती बदलली, ती अंगठ्यानं निघाली. कूलंटची पातळी पाहिली, ती पाहायची असते. सेटकरी प्रत्येक वेळी पेटी शेजारी उघडी ठेवून बसत, डॉक्टरनं उगाच स्टेथोस्कोप गळ्यात ठेवावा तसे. ऑइल बदलण्याचा बेत कमिटीनं हाणून पाडला. पार्किंगच्या फरशीवर काळं ऑइल सांडलं तर दंड, अशी नोटीस दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये लागली.

एकच काम खरं पान्याचं उरलं, बॅटरीचं. तिथे मात्र माणूस चोख. आधी काळी वायर, म्हणजे निगेटिव्ह, सोडवायची. लावताना ती शेवटी. लालपासून सुरुवात केली आणि पाना चुकून गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणगी उडते. टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुवायची, कोरडं करून व्हॅसलीन लावायचं. हे ते दर महिन्याला करतात. बुरशी धरायला सवडच मिळत नाही.

खरी परीक्षा साताऱ्याला लग्नाला जाताना झाली. खंबाटकीच्या अलीकडे मागचं चाक बसलं. सेटकरी उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर चक्क आनंद होता. पेटी निघाली, रबरबँड निघाला. सगळ्यात मोठी गोटी 14ची आणि चाकाचा नट 19चा. त्यांनी ती गोटी नटासमोर तीनदा धरून पाहिली. शेवटी वहिनींनी डिकीतली स्टेपनी उचलली, तर खाली कंपनीनं गाडीबरोबर दिलेला जॅक आणि चाकाचा पाना, प्लॅस्टिकच्या पिशवीसकट. "अहो, हा कुठल्या सेटमधला?"

त्यांनी आधी जॅक लावून गाडी उचलली. मग पाना फिरवला की चाकच फिरायला लागलं. एक टेम्पोवाला थांबला, म्हणाला, "काका, गाडी खाली घ्या. आधी नट सैल करा, मग उचला." मागच्या पंक्चरवाल्यानं नट हवेच्या गननं आवळलेले, टेम्पोवाला पान्याच्या टोकावर उभा राहिला तेव्हा ते कुरकुरले.

दुसऱ्याच आठवड्यात दुसरा सेट आला. अर्धा इंची ड्राइव्ह, 10 ते 32 मिलिमीटर, गोट्या सहाकोनी, कारण बाराकोनी गोटी गंजलेल्या नटाचे कोपरे खाते. 32ची गोटी लागेल असा नट वॅगन-आरमध्ये शोधायचाच झाला तर हबपर्यंत जावं लागेल. पण असलेली बरी.

इथवर कुणी हसेल. पण आमच्या इमारतीत नळाचा स्पिंडल बदलायचा, पाळण्याचा बोल्ट आवळायचा, गणपतीच्या मांडवाचे क्लॅम्प सोडवायचे तर सगळे दुसऱ्या मजल्यावर सेटकऱ्यांकडेच जातात. ते पाना देतात, वहीत सही घेतात. वहीत '10ची गोटी, चौथा मजला' अशी नोंद मे महिन्यापासून आहे. चौथा मजला कानावर हात ठेवतो. गाडीच्या बॅटरीला, ब्रॅकेटांना, जिथे तिथे दहाच लागतो, म्हणून सेटकरी फक्त दहाचे पाने सुटे आणून ठेवतात. तेही बोहरी आळीतून, वर्तमानपत्रात गुंडाळून. डब्याचा विषय आता कुणी काढत नाही.

गेल्या दिवाळीत टॉर्क रेंच आला. पहिल्या सेटच्या कितीतरी पट किंमत, पण त्याला स्वतंत्र पेटी आहे. नेमून दिलेल्या आकड्याला 'कट्' असा आवाज येतो. परवा गाडी सर्व्हिसिंगहून आली. सेटकऱ्यांनी पार्किंगमध्ये मॅन्युअल उघडलं, चारही चाकांचे नट सैल केले आणि 85 न्यूटन-मीटरला पुन्हा आवळले. सोळा वेळा कट् झालं. वहिनी वरच्या गॅलरीतून बघत होत्या.

"अहो, टाइट नव्हते का?"

"टाइटच होते. पण किती, ते कळायला नको?"