प्रस्थान

निरोपाची शाल एकदा अंगावर पडलेल्या गृहस्थाने त्यानंतर गांधीचमनपाशी मेथीच्या जुडीसाठी घासाघीस करताना दिसणे, हे जालन्याच्या लोकव्यवहारात अत्यंत अप्रशस्त मानले जाते. नव्या जालन्याने एक आणि जुन्या जालन्याने एक अशा दोन शाली मला अर्पण केल्या; मराठवाड्याची पताका मी आता सातासमुद्रापार फडकावणार असे वक्ते म्हणाले, तेव्हा मी विनयाने मान खाली घातली ती शालीचा पोत नीट न्याहाळता यावा म्हणून. वस्तुस्थिती अशी की पताका सौ.ची आहे. लग्नापूर्वी ती ऑस्ट्रेलियात परिचारिका होती आणि तिकडचे नागरिकत्व घेऊनच माझ्या संसारात आली. चिरंजीवही आईच्या हक्काने तिकडचेच. मी मात्र तिचा नवरा एवढ्याच हुद्द्यावर जाणार. वक्त्यांना हे ठाऊक नव्हते आणि भरसभेत त्यांचा हिरमोड करण्याइतका मी निर्दय नाही.

या हुद्द्याच्या परवान्याला जोडीदार व्हिसा म्हणतात. त्याची फी नऊ हजार डॉलरांहून अधिक, म्हणजे आपल्या हिशेबाने पाच लाखांच्या घरात असून, ती भरल्यावर अर्जदाराला एकच हक्क प्राप्त होतो, तो वाट पाहण्याचा. दोघांना उद्या विमानात बसता येते, तिसऱ्याला येत नाही. तिकडची शाळा जानेवारीअखेर भरते, इकडची जूनमध्ये. आणि आईच्या पंचांगात पितृपक्ष संपतो न संपतो तोच दुसरे काहीतरी आडवे येते.

या पेचावर आईने जो तोडगा काढला, त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिल्यावाचून मला राहवत नाही. राम दैवज्ञांनी शके 1522 मध्ये काशीक्षेत्री रचलेल्या ‘मुहूर्तचिंतामणी’त अशी सोय आहे की, मुहूर्त साधला पण कामामुळे निघणे लांबले, तर प्रवाशाने आपल्या बदली वस्तू पुढे पाठवावी: कोणी जानवे, कोणी शस्त्र, कोणी मध, कोणी फळ, किंवा मनाला जे अत्यंत प्रिय असेल ते. यालाच प्रस्थान ठेवणे म्हणतात. मनाला अत्यंत प्रिय म्हणून मी माझ्या एकुलत्या एक प्रकाशित पुस्तकाच्या प्रती, दोन्ही शालींपैकी बरी शाल आणि मानपत्र अशी पिशवी भरली, सौ.ने ती उघडून पाहिली, काही बोलली नाही, आणि त्यात चिरंजीवांचा स्वेटर घातला. पिशवी शेजारच्या काकूंकडे रवाना झाली. परंतु शास्त्राने मुदतही घालून दिली आहे: राजाचे प्रस्थान दहा दिवस, सामंताचे सात, आणि माझ्यासारख्या रयतेचे पाच रात्री, त्यानंतर नवा मुहूर्त. तिकडचे सरकार वैद्यकीय तपासणी साधारणपणे वर्षभर ग्राह्य धरते, त्या मानाने राम दैवज्ञ फारच कडक. परिणामी पिशवी पाच रात्री काकूंकडे राहते, परत येते, पंचांग पाहून पुन्हा जाते. गल्लीत माझ्यापेक्षा तिचा प्रवास अधिक झाला आहे, आणि मधल्या एका मुक्कामात काकूंनी शालीवर पापड वाळवल्याचा मला दाट संशय आहे.

खरा ताप पुराव्यांचा. पैशाचा व्यवहार, घरकारभार, समाजातील ओळख आणि परस्परनिष्ठा या चार बाबतींत आम्ही नवरा-बायको असल्याचे सिद्ध करावे लागते. आमच्या घरी वीजबिल कैलासवासी वडिलांच्या नावे, गॅस आईच्या नावे, सातबारा काकांच्या नावे. आणि लग्नाच्या फोटोत आम्हा उभयतांच्या मधोमध आत्याबाई उभ्या. आमच्याच जिल्ह्यातील जांबेचे नारायण ठोसर बोहल्यावरून थेट निघून गेले आणि पुढे समर्थ झाले, परंतु तो दाखला अर्जास जोडण्यासारखा नाही. जिने माझ्या वडिलांचे अखेरचे आजारपण काढले, तिने आपण माझी बायको असल्याची खात्री एका परक्या कारकुनास पटवून द्यावी, याची चीड मला येते, आणि ती विनोदाने जात नाही.

सौ.ने आपले निवेदन प्रथम चिरंजीवांच्या चौकटीच्या वहीत मराठीतून लिहिले. त्यात माझे पुस्तक नव्हते, सत्कार नव्हते. जायकवाडीचे पाणी आमच्या नळाला कैक दिवसांनी, तेही अवेळी येते. त्याविषयी तिने लिहिले होते, ‘पाणी येते त्या रात्री हे मला उठवत नाहीत. बादलीचा आवाज होऊ नये म्हणून आत फडके टाकतात.’ मी समजत होतो, ती झोपलेली असते.

नळ सोडला की पाणी येणाऱ्या देशातील अधिकाऱ्यास याचा बोध होणार नाही, सबब मजकूर गाळावा, असे एजंटाचे मत पडले. मी गाळू दिला नाही.

जानेवारीपर्यंत निकाल न लागल्यास सौ. आणि चिरंजीव पुढे जातील, असे ठरल्यासारखे आहे. बोलणे तिथवर आले की आम्ही दोघेही आईच्या मोतीबिंदूची चौकशी करू लागतो. तोवर ज्या सद्गृहस्थाने आमचे सागवानी कपाट इसार देऊन राखून ठेवले आहे, त्याने कृपया रोज तगादा लावू नये. इसार हवा असल्यास परत मिळेल. कपाटात अजून आमचे कपडे आहेत.